पिल्लाला हाड कसं द्यावं

गटारीच्या रात्री नाशिकला, सिडकोतल्या आमच्या घरी, काळ्या रश्श्याचं पातेलं रिकामं झालं आणि ताटांतली हाडं कुणीतरी मायेनं आमच्या कुत्र्याच्या पिल्लाच्या, बंड्याच्या, वाटीत ओतली. तेव्हा तो 5 महिन्यांचा. दुसऱ्या दिवशी अंगणात पाठीची कमान करून कुंथत बसला. बाहेर पडलं ते खडूसारखं पांढरं, कडक, वर रक्ताची रेघ.

तेव्हा आधी हे ठरवा, की ताटातलं हाड द्यायचं नाही. शिजलं की हाड ठिसूळ होतं; चावताना टोकदार कपच्या निघतात आणि घशात, आतड्यात रुततात. कोंबडीची तंगडी सगळ्यात वाईट. शिवाय रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो.

कच्चं हाडही नकोच, असं बरेच डॉक्टर सांगतात. म्हणून पहिल्यांदा आपल्या डॉक्टरांना विचारा. साधारण 4 ते 7 महिन्यांत दुधाचे 28 दात पडून पक्के 42 येतात; त्या काळात हिरड्या दुखऱ्या असतात, घाई करू नका.

हो म्हणाले, तर मटणवाल्याला सांगा, "मान तोडू नका, अख्खी द्या." सत्तूरानं तोडलेल्या तुकड्याला धार असते. तुकडा पिल्लाच्या तोंडात मावू नये इतका मोठा हवा, थोडं मांस लागलेला. नळीसाठी घरात आपली भांडणं होतात, पण पिल्लाला ती नको: आतल्या चरबीनं जुलाब लागतात, कडक हाडानं दात तुटतो, कापलेली गोल चकती खालच्या जबड्यात अडकते. अंगठ्याचं नख रोवून बघा; खूण उमटली नाही तर ते हाड परत करा.

जेवण झाल्यावर द्या, म्हणजे अधाशासारखं गिळणार नाही. धुता येईल अशा फरशीवर, 10 मिनिटं, आणि तुम्ही शेजारी. काढून घेताना हिसकावू नका, कलेजीचा तुकडा पुढे करा. नाहीतर गुरगुरायला शिकतो. उरलेलं फेका. फ्रीझरमध्ये ठेवल्यानं जंतू मरत नाहीत, त्यामुळे फरशी आणि हात साबणानं धुवायचेच.

नंतर सारख्या उलट्या, लाळ, पंजानं तोंड ओरबाडणं, फुगलेलं पोट किंवा नुसतंच कुंथणं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. ओकारी काढायला मीठ-पाणी पाजू नका. मीठ बाधतं, आणि टोकदार हाड वर येतानाही घसा फाडतं.