घरातल्या दोन कॉम्प्युटरमध्ये फाइल शेअरिंग चालत नसेल तर

घरचे सगळे फोटो हॉलमधल्या डेस्कटॉपवर असतात, आतल्या लॅपटॉपला तो डेस्कटॉप दिसतच नाही, आणि मग पेनड्राइव्हच्या फेऱ्या सुरू होतात. अशा वेळी बहुतेक जण थेट फोल्डरच्या परमिशन बदलायला लागतात. माझं आग्रहाने सांगणं आहे, आधी दोन्ही कॉम्प्युटर खरंच एका नेटवर्कवर आहेत का ते बघा. इथे दिलेली माहिती विंडोज १० आणि ११ साठी आहे.

१. दोन्हींचे आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक कॉम्प्युटरला मिळालेले क्रमांक, बघा. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडून चालू कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ पत्ता मिळेल. घरगुती राउटरवर पहिले तीन आकडे जुळायला हवेत. १९२.१६८.१.७ आणि १९२.१६८.१.१२ असेल तर ठीक. एकीकडे १९२.१६८.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.० असेल, तर घोळ इथेच आहे.

पुण्यातल्या घरांत हे सहज होतं. फायबरवाले दाराशी राउटर बसवून जातात. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंती असोत की कोथरूडचा लांबट फ्लॅट, आतल्या खोलीत रेंज येत नाही, म्हणून आपण दुसरा राउटर जोडतो. तो स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार करतो. इंटरनेट दोन्हीकडे सुरळीत चालतं, त्यामुळे शंकाही येत नाही. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न काढता पहिल्याचंच पुढे पोचवेल. तो मोड नसेल तर त्याला पहिल्याच्या मालिकेतला मोकळा पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि पहिल्या राउटरकडून येणारी केबल वॅन (इंटरनेटच्या) पोर्टाऐवजी लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टात लावा. गेस्ट वायफायवरही शेअरिंग सहसा होत नाही. पाहुण्यांची उपकरणं वेगळी ठेवण्यासाठीच ते असतं.

२. नेटवर्क 'प्रायव्हेट' करा. 'पब्लिक' असेल तर फायरवॉल, म्हणजे विंडोजचा पहारेकरी, बाहेरून आलेली विनंती अडवते. मग ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा.

३. पत्त्याने उघडून बघा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा आणि \\१९२.१६८.१.७ असा डेस्कटॉपचा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाइप करा. उघडलं, तर शेअरिंग ठीक आहे. फक्त 'नेटवर्क'च्या यादीत डेस्कटॉपचं नाव येत नाही, एवढंच. डेस्कटॉपवर 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सर्व्हिस सुरू करून ऑटोमॅटिकवर ठेवा. यासाठी एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल्स ओलीस धरून खंडणी मागणारा व्हायरस त्याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या त्रुटीतून जगभर पसरला.

४. पासवर्ड. सर्वांत जास्त वेळ इथे जातो. रोज लॉगिनला वापरता तो पिन नेटवर्कवर चालत नाही. ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे त्याच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर त्याचा ईमेल आणि त्याचाच पासवर्ड. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. मला सोपा वाटतो तो मार्ग असा: डेस्कटॉपवर फक्त शेअरिंगसाठी एक लोकल खातं काढा, त्याला पासवर्ड द्या आणि फोल्डर त्याच खात्याला शेअर करा. पूर्वी चुकीचा पासवर्ड सेव्ह झाला असेल तर लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) काढून टाका.

विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून बिनपासवर्डचा गेस्ट प्रवेशही बंद आहे. राउटरला लावलेली हार्डडिस्क अपडेटनंतर उघडेनाशी झाली असेल तर तिलाच पासवर्ड लावा, विंडोजची सुरक्षा सैल करू नका.

५. फोल्डर दिसतो पण उघडत नाही, तर प्रॉपर्टीजमधले शेअरिंग आणि सिक्युरिटी हे दोन्ही टॅब तपासा. दोन्हींपैकी जी परवानगी कडक, तीच लागू होते.

हिंजवडी-खराडीच्या कंपनीचा लॅपटॉप असेल तर व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट) चालू असताना घरचं नेटवर्क दिसेनासं होऊ शकतं. ती कंपनीची व्यवस्था आहे, तिथे खटपट करू नका.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाऊन आल्यावर राउटर पत्ते बदलू शकतो आणि कालपर्यंत चालणारा शॉर्टकट बंद पडतो. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये डेस्कटॉपचा पत्ता राखून ठेवा.