सिक्वेन्स खरा, नाव खोटं: डीएनएवरून प्रजाती ओळखताना या चुका टाळा

प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि त्यावरून प्रजाती ओळखायची, ही डीएनए बारकोडिंगची कल्पना कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडली. आता खान्देशातल्या कॉलेजातला विद्यार्थीही एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी नमुना बाहेर पाठवून सिक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा क्रम, मागवू शकतो. सिक्वेन्स येतो, ब्लास्टमध्ये (साठवलेल्या सिक्वेन्सशी जुळवून पाहणाऱ्या ऑनलाइन साधनात) टाकला की नाव येतं, ते प्रबंधात उतरतं. गडबड बहुतेक वेळा यंत्रात नसते. ती त्याच्या आधी नाहीतर नंतर होते.

आधीची आधी पाहू. मे महिन्यात रावेर-यावलकडे पारा ४५ ला टेकतो. अशा उन्हात किडे ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकून दिवसभर गाडीच्या डिकीत ठेवले, तर डीएनएचे तुकडे होणारच. ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल घ्या, नमुन्याच्या कितीतरी पट घ्या आणि एकदा बदला. फॉर्मलीन नकोच. नळीवर मार्करने लिहिलेला नंबर अल्कोहोलच्या एका थेंबाने जातो, म्हणून पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी नळीच्या आत टाका. मोठ्या किड्याचा एक पाय डीएनएला पुरतो. बाकीचा किडा व्हाउचर, म्हणजे पुढे पडताळता येईल असा पुरावा, म्हणून जपा. पांढऱ्या माशीसारखा मिलिमीटरभर जीव अख्खाच वापरावा लागतो, तेव्हा आधी फोटो काढा आणि त्याच पानावरच्या आणखी चार-पाच माश्या राखून ठेवा.

ठिकाणाची नोंद कुणी तपासत नाही म्हणून ती ढिली राहते. रानपिंगळ्याचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खान्देशातून या घुबडाचे नमुने गोळा केले. पुढे शंभरावर वर्षं त्याचा खात्रीचा पत्ता नव्हता. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. मधल्या काळात १९१४ चं, गुजरातचं लेबल लावलेला एक नमुना मात्र संग्रहालयात होता. तपासणीत निघालं की माइनर्ट्सहागेन या संग्राहकाने डेव्हिडसनचाच नमुना लांबवून, नव्याने भरून त्यावर आपलं लेबल चिकटवलं होतं. त्या नमुन्याचा डीएनए काढला असता तर उत्तर रानपिंगळा असंच आलं असतं, आणि बरोबरच आलं असतं. ठिकाण खोटं आहे हे सीओआयला कळत नाही.

पीसीआरचं, म्हणजे हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याचं, थोडक्यात. जेलवर बँड (त्या प्रतींची रेघ) आला नाही तर लगेच प्रायमरला, म्हणजे प्रती काढायला सुरुवात करून देणाऱ्या छोट्या तुकड्याला, दोष देऊ नका. केळीच्या पानातला चीक आणि पॉलिफिनॉल पीसीआर अडवतात. डीएनए दहापट पातळ करून पाहा. निगेटिव्ह कंट्रोलमध्येही (डीएनए न घातलेल्या नळीत) बँड दिसला तर ती सगळी बॅच टाकून द्या, हळहळू नका.

सिक्वेन्सची नुसती टेक्स्ट फाइल घेऊन समाधान मानू नका, क्रोमॅटोग्राम, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या शिखरांचा आलेख, मागा. दोन्ही टोकांची धूसर अक्षरं आणि प्रायमरचा भाग कापा. मग प्रथिनात भाषांतर करून बघा. इथे पुष्कळ जण घाबरतात, कारण मध्येच स्टॉप कोडॉन, म्हणजे ‘प्रथिन इथे संपलं’ अशी खूण, दिसतात. आधी जनुकीय कोडचा कुठला तक्ता लावलाय ते तपासा: किड्यांसाठी तक्ता ५, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांसाठी तक्ता २. नेहमीचा तक्ता १ लावला तर टीजीए हा स्टॉप वाटतो, पण मायटोकॉन्ड्रियात तो ट्रिप्टोफॅन असतो. योग्य तक्ता आणि योग्य फ्रेम (तीन-तीन अक्षरं कुठून मोजायची ते) लावूनही स्टॉप राहिले, तर तुम्ही केंद्रकात जाऊन पडलेली त्या जनुकाची मृत प्रत वाचली असण्याची शक्यता मोठी.

आता ब्लास्ट. ९९ टक्के साम्य वाचून हुरळण्याआधी क्वेरी कव्हर, म्हणजे तुमच्या सिक्वेन्सचा किती भाग जुळवला गेला, ते पाहा. १०० अक्षरांवरचं ९९ टक्के कुचकामी. पहिलं नाव म्हणजे कुणीतरी, कधीतरी केलेला दावा. पहिल्या पंधरा-वीस नोंदी एकाच नावाच्या आहेत का, त्यांना व्हाउचर आहे का, हे बघा.

कपाशीवरची पांढरी माशी या बाबतीत सगळ्यांची परीक्षा घेते. बेमिसिया टबासी या एका नावाखाली दिसायला सारख्या तीसहून जास्त प्रजाती दडलेल्या मानतात, आणि त्या वेगळ्या करायला साधारण ३.५ टक्के फरकाची रेघ वापरतात. म्हणजे ‘९६ टक्के जुळलं, झालं’ हा हिशोब इथे चालत नाही. वर तिच्यावरचं बरंच काम सीओआयच्या शेवटच्या भागावर झालंय. नेहमीचे फोल्मर प्रायमर सुरुवातीचा भाग वाचतात. एक तुकडा संपतो जवळपास तिथेच दुसरा सुरू होतो. दोन्ही एका अलाइनमेंटमध्ये (सिक्वेन्सच्या एकाखाली एक मांडणीत) कोंबले तर नात्यांचं झाड येईल, पण त्याला अर्थ नसेल. प्रायमर मागवण्याआधी कुठल्या तुकड्याशी तुलना करायची ते ठरवा.

झाडावरून आठवलं: एका जनुकाचं झाड म्हणजे प्रजातीचा इतिहास नव्हे. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतो. २०१८ मध्ये भारतात आलेली मक्यावरची लष्करी अळी घ्या. सीओआय पाहून अनेक नमुने ‘भाताच्या’ गटात बसतात, तर केंद्रकातलं टीपीआय जनुक त्यांनाच ‘मक्याच्या’ गटात टाकतं. नुसत्या सीओआयवर थांबलात तर मका फस्त करणाऱ्या अळीला भातावरची ठरवाल. रानपिंगळा अथीने या जीनसमध्ये बसतो, हे २०१८ च्या अभ्यासाने सांगितलं ते मायटोकॉन्ड्रिया आणि केंद्रक दोन्हीकडची जनुकं पाहून. उत्क्रांतीबद्दल बोलायचं असेल तर तेवढं करावंच लागतं. आउटग्रुप, म्हणजे तुलनेसाठी गटाबाहेरची प्रजाती, न घेता काढलेल्या झाडावरून ‘हा गट जुना’ असं लिहू नका.

एक प्रश्न केळी उत्पादक हमखास विचारतात: बारकोडवरून बसराई, श्रीमंती आणि ग्रँड नैन वेगळे ओळखता येतील का? नाही. तिन्ही कॅव्हेंडिश गटातले, उत्परिवर्तनाने वेगळे झालेले वाण आहेत. वनस्पतींसाठी वापरतात ती आरबीसीएल आणि मॅटके ही जनुकं हळू बदलतात; ती फार तर ‘केळ’ म्हणतील. वाणांसाठी केंद्रकातले एसएसआर किंवा एसएनपी मार्कर (डीएनएतल्या बारीक फरकांच्या खुणा) बघावे लागतात, आणि इतक्या जवळच्या वाणांत तेही कधी कधी कमी पडतात.