दोन चाली जोडण्याआधी टाच बघा

अ‍ॅनिमेशनमध्ये वॉक सायकल, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवता येणारी दोन पावलांची चाल, सगळ्यांनाच शिकवतात. तिच्या पोझ चार: कॉन्टॅक्ट, डाउन, पासिंग, अप. दोन चाली एकमेकींत मिसळायच्या कशा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्या नोकरीतले दहा दिवस त्यातच गेले. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

शॉट साधा होता. म्हातारा संथ चालत येतो आणि मध्येच घाईने चालू लागतो. संथ चाल ३२ फ्रेमची, भरभर चाल २० ची. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या एनएलए एडिटरमध्ये प्रत्येक चाल एका पट्टीसारखी दिसते. तिथे भरभर चालीची पट्टी ४९ व्या फ्रेमवर ठेवली, ८ फ्रेमचा ब्लेंड दिला, म्हणजे तेवढ्या फ्रेममध्ये एक चाल दुसरीत मिसळावी. म्हाताऱ्याचे दोन्ही पाय कमरेखाली ओढले जायचे आणि तो घसरल्यासारखा पुढे जायचा. ब्लेंड १६ केला, मग २४. घसरणं आणखी लांबलं.

ब्लेंड म्हणजे सरासरी, हे नीट समजून घ्या. संथ चालीत डावी टाच १ ला टेकत होती, उजवी १७ ला, पुन्हा डावी ३३ ला, उजवी ४९ ला. भरभर चाल सुरू होत होती डाव्या टाचेने. म्हणजे ४९ ला एकीत उजवा पाय पुढे, दुसरीत डावा. पुढच्या आणि मागच्या पायाची सरासरी काढली की पाय कमरेखालीच येणार. पट्टी ६५ वर सरकवली, जिथे डावी टाच परत टेकते, आणि म्हातारा चालू लागला. सरकवायला जागा नसेल, तर भरभर चाल तिच्या ११ व्या फ्रेमपासून घ्या. तिथे उजवी टाच आहे.

पात्र जागा सोडून पुढे जात असेल, तर दुसरी चाल पुन्हा मूळ जागेवरून सुरू होते आणि पात्र मागे उडी मारतं. तेव्हा कंबर जुळवू नका, टेकलेला पाय जुळवा. टाचेखाली एक एम्प्टी, म्हणजे नुसती खुणेची, रेंडरमध्ये न दिसणारी वस्तू, ठेवली की फरक लगेच दिसतो.

ऑटोमॅटिक फूट लॉकच्या, म्हणजे टेकलेला पाय आपोआप जागीच धरणाऱ्या सोयीच्या, नादी आधीच लागू नका. चुकीच्या पायावर जोडलेला ब्लेंड त्याने सुधारत नाही, उलट गुडघा झटका देतो. मिक्सामो या वेबसाइटवरच्या तयार चाली सरावाला जरूर घ्या, पण कोणती कोणत्या पायाने सुरू होते ते स्वतः तपासा. आणि नुसतं ‘फील येत नाही’ म्हणणाऱ्या सीनियरच्या मागे फिरू नका. मला सुटलं ते शेजारच्या ताईमुळे. तिने एकेक फ्रेम पुढे सरकवली आणि म्हणाली, “ही टाच बघ.”

दहा दिवस लागले तरी घाबरू नका, हे हाताला बसतं. मी अजूनही प्रत्येक पट्टीच्या नावात लिहून ठेवते: संथ, डा १, उ १७.