वादाचा विषय आणि कॉलेजचं ग्रंथालय
फाशीची शिक्षा असावी की नसावी, अशा विषयावर प्रकल्प लिहायचा असेल तर एकाच कपाटापाशी थांबू नका. ड्यूई दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावायच्या पद्धतीत, या विषयाची पुस्तकं ३६४.६६ ला, गुन्हेगारीशास्त्रात असतात. फौजदारी कायद्याची ३४५ मध्ये, नीतिशास्त्राची १७० च्या घरात. तिन्हीकडे फिरलात तरच वाद नेमका कशावरून आहे ते कळतं.

शोधशब्द जपून निवडा, कारण शब्दही बाजू घेतात. ‘दयामरण’ आणि ‘इच्छामरण’ यांच्या छटा निराळ्या, मग सापडणारे लेखही निराळे. दोन्ही टाकून पाहा. जेस्टोर या अभ्यासपूर्ण नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर बऱ्याच नियतकालिकांचे अलीकडचे काही वर्षांचे अंक नसतात, त्यामुळे ताजे आकडे दुसरीकडे शोधावे लागतात.

माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम पुढचं. चांगला लेख मिळाला की त्याची संदर्भसूची चाळा आणि लेखकाने ज्याचं म्हणणं खोडून काढलंय, तो मूळ लेख मिळवाच. विरोधी बाजू तिच्याच शब्दांत वाचायला हवी. दुसऱ्याने केलेल्या सारांशात ती हमखास दुबळी दिसते. तो अंक तुमच्याकडे नसेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीतून, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयाकडून, मागवता येतो का, हे ग्रंथपालांना विचारा. यायला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात विचारा.