जनरल नॉलेजच्या पेपरात या चुका टाळा (गोव्यातल्या पोरांसाठी, भूगोल आणि बायोलॉजी)

परीक्षा जवळ आली की ट्युशनच्या पोरांची एकच तक्रार, सगळं पाठ केलंय तरी मार्क जातात. पेपर बघितला की कळतं की पाठांतर भरपूर आहे पण प्रश्न अर्धाच वाचलाय. सगळ्यात लहान राज्य कुठलं एवढं दिसलं की गोवा ठोकून मोकळे, आणि प्रश्नात लिहिलेलं असतं लोकसंख्येने. क्षेत्रफळाने आपण लहान, ३,७०२ चौरस किमी, पण लोकसंख्येने सिक्कीम. २०११ च्या जनगणनेत सिक्कीम सहा लाखांच्या थोडं वर आणि गोवा साडेचौदा लाख, मध्ये मिझोराम आणि अरुणाचल पण येतात, म्हणजे आपण खालून चौथे. तसंच गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला, पण राज्य झालं ३० मे १९८७ ला, देशातलं २५ वं. मधली सगळी वर्षं दमण-दीवसोबत केंद्रशासित. दोन्ही तारखा येतात, फक्त कुठली कशाला ते गोंधळतात.

नद्यांचा घोळ तर दर वर्षीचा. मांडवी आणि म्हादई या दोन वेगळ्या नद्या आहेत असं लिहिणारे दर बॅचला निघतात, आणि उगम विचारला तर दूधसागर! दूधसागरचं पाणी शेवटी मांडवीलाच मिळतं हे खरं, पण उगम तिकडे कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात भीमगडच्या जंगलात. जुवारी मात्र इथलीच, गोव्यातच सुरू होते आणि गोव्यातच समुद्राला मिळते. आणि कृपा करून त्यांच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश लिहू नका. पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या नद्या आखूड, घाटातून भराभर खाली येतात, गाळ साचून साचून जमीन तयार होईल एवढा वावच मिळत नाही, वर भरतीचं पाणी रोज आत घुसतं, म्हणून खाडी. नर्मदा, तापी लांब असल्या तरी त्यांच्याही मुखाशी खाडीच.

आता भरतीवरून आठवलं. भरती पौर्णिमेला येते असं छापील उत्तर पोरं देतात, तेही खाडीकाठच्या खाजन शेताच्या बांधाजवळ राहणारी पोरं, म्हणजे काय बोलायचं! बांधावरची मानस, म्हणजे पाणी अडवायची झडप, बघा ना, बाहेर खाडीचं पाणी चढलं की तिची दारं त्या दाबानेच बंद होतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याने उघडतात, आणि हे रोज दोनदा होतं, पौर्णिमा असो नसो. एका भरतीपासून दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून आज सकाळी सातला असेल तर उद्या आठच्या दहा मिनिटं आधी. पौर्णिमेला येते ती उधाणाची, म्हणजे सगळ्यात मोठी, आणि ती अमावस्येला पण येते, हे अर्धं नेमकं गाळतात. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे सगळ्यात लहान.

उन्हाळा का होतो तर पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून, हे उत्तर अजून जिवंत आहे. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, आणि जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात लांब. कारण आहे कललेला आस. याच धड्यातली दुसरी चूक म्हणजे २१ जूनला सूर्य बरोबर डोक्यावर. डोक्यावर असतो पण कर्कवृत्तावर, आणि कर्कवृत्त गोव्यातून जात नाही. आपण साधारण १५ अंश उत्तरेला, त्यामुळे इथे सूर्य वर्षात दोनदा डोक्यावर येतो, मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. ऑगस्टमध्ये पावसामुळे कुणाला दिसत नाही ते सोडा, पण मे मध्ये दुपारी साडेबाराच्या सुमाराला अंगणात काठी उभी करून बघा, सावली पायाशीच गोळा झालेली दिसेल. जूनमध्ये तर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो.

बायोलॉजीकडे. इथे गोव्याच्या पोरांना खरंतर फुकट मार्क आहेत कारण अर्धं प्राणिशास्त्र मासळी मार्केटात मांडून ठेवलंय. पण ताटात सगळं नुस्तंच (मासळीच) असल्यामुळे पेपरात पण सगळे मासेच होतात. बांगडा मासा, मोरी (शार्क) पण मासाच, फक्त तिच्या अंगात कडक काटे नसून कूर्चा असते. सुंगटां (कोळंबी) आणि कुर्ल्या (खेकडे) मासे नव्हेत, ते संधिपाद, म्हणजे झुरळाच्या मोठ्या घराण्यातले (जेवताना आठवू नका). तिसऱ्या, शिणाणे ही शिंपल्यातली मासळी मृदुकाय. आणि माणकी (स्क्विड)? तिला शिंपला दिसत नाही म्हणून पोरं अडतात. आई माणकी साफ करते तेव्हा आतून प्लास्टिकसारखी पारदर्शक पातळ पट्टी ओढून काढते ना, तोच तिच्या शिंपल्याचा उरलेला भाग, म्हणून तीही मृदुकायच. एकदा ती पट्टी हातात घेऊन बघा, परत चुकणार नाही. आणि डॉल्फिन सस्तन आहे हे माहीत असूनही पर्याय घाईघाईत वाचल्यामुळे चुकतं.

काजूचं फळ कुठलं? बोंडू, असं शंभरातले बहुतेक लिहितात. बोंडू म्हणजे फुगलेला देठ, छद्मफळ, खरं फळ खाली लोंबणारी बी. पटत नसेल तर सीझनच्या सुरुवातीला झाडाखाली जाऊन बघा, हिरवी बी आधी मोठी होते, बोंडू तोवर चिमुकला असतो, मग मागाहून फुगतो. आणि काजू मूळचा गोव्याचा नाही, ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला. मिरची, अननस, बटाटा हे पण तिकडून अमेरिका खंडातूनच आलेले.

झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन, हे पण चूक, श्वसन चोवीस तास चालू असतं. मांडवीच्या काठी खारफुटीची मुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली दिसतात ती त्यासाठीच, कारण चिखलात हवा नाही.

रोगांच्या प्रश्नात कारक आणि वाहक यांची अदलाबदल होते. मलेरिया डासामुळे लिहिलं की गेला मार्क, कारक प्लाझमोडियम हा परजीवी, अ‍ॅनोफिलिसची मादी नुसती वाहक. आपल्या सत्तरीत काजूच्या दिवसांत ज्याची धास्ती असते तो माकडताप घ्या. माकडामुळे होतो असं लिहितात, पण कारक विषाणू आणि वाहक गोचीड, माकड बिचारं स्वतःच त्याने मरतं. हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला १९५७ मध्ये, कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात. वहीत दोन रकाने करा आणि प्रत्येक रोग त्यात बसवा, दहा-बारा रोगांत काम होतं.

आणि एक, गाईड कधीचं आहे ते बघा. भारताचा समुद्रकिनारा किती तर ७,५१६ किमी असं आपण सगळे शिकलो, पण नव्या मोजणीनंतर सरकारी आकडा आता ११,०९८ किमीच्या वर गेलाय. किनारा वाढला नाही, बारीक खाचाखोचा धरून मोजला एवढंच. पेपरात दोन्ही आकडे दिसले तर नवा मारा, एकटा जुनाच असेल तर मुकाट्याने तोच मारून पुढे जा.