जुन्या गिटार पेडलला अडॅप्टर कुठला लावायचा

गोव्यात गिटारचा आवाज बदलणारी जुनी पेडल्स बरीच फिरतात, कुणाचे काका बोटीवर होते त्यांनी जपानहून आणलेलं, कुणी लग्नाचा बँड सोडल्यावर विकून टाकलेलं, आणि अडॅप्टर सोबत नसतोच किंवा असला तर 100 नाहीतर 120 व्होल्टचा. तो आपल्या 230 च्या सॉकेटात घालू नका प्लीज. नुसती प्लगची पिन बदलणारा कन्व्हर्टर व्होल्टेज कमी करत नाही, आतला ट्रान्सफॉर्मर जळतो.

बॅटरीची सोय असेल तर आधी 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी घाला, इनपुटला केबल लावा (केबल नसेल तर बरीच पेडल्स चालूच होत नाहीत) आणि वाजवून बघा. बॅटरीवर नीट वाजतंय म्हणजे पेडल ठीक आहे, आता फक्त अडॅप्टर शोधायचा.

मग पेडल उलटं करून खालचं किंवा जॅकजवळचं लेबल वाचा. व्होल्ट किती, डीसी की एसी, मधली पिन प्लस की मायनस आणि करंट किती मिलिअँपिअर, एवढं कळायला हवं. करंट जास्तीचा चालतो, पेडल लागेल तेवढाच घेतं, कमी मात्र चालत नाही. व्होल्ट आणि पोलॅरिटीत (म्हणजे मधली पिन प्लस की मायनस) तडजोड नाही.

खरी गडबड पोलॅरिटीत होते. घरातल्या राउटरच्या अडॅप्टरची पिन बॉस कंपनीच्या पेडलमध्ये मस्त बसते, पण राउटरचा मधला भाग साधारण प्लस असतो आणि बॉसला मध्ये मायनस लागतो. म्हणून मल्टिमीटर घ्या, साधा स्वस्तातला चालेल. 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक पिनच्या भोकात, काळं बाहेरच्या पत्र्याला. आकड्याआधी मायनस दिसला की मध्ये मायनस. आणि 9 लिहिलेल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या एलिमिनेटरवर (म्हणजे अडॅप्टरवरच) पेडल न जोडता 12-13 दिसले तर तो बिघडलाय असं नाही, तो रेग्युलेटेड नाही, म्हणजे व्होल्टेज एका आकड्यावर धरून ठेवत नाही, एवढंच, पण ज्या पेडलला बरोबर 9 हवेत त्याला तो देऊ नका.

आता बॉसचा एक घोळ नीट समजून घ्या. जुन्या बॉसवर एसीए (ACA) अडॅप्टर लिहिलेलं असेल तर ते पेडल बॉसच्याच त्या नावाच्या 12 व्होल्टवाल्या अनरेग्युलेटेड अडॅप्टरसाठी बनवलंय, आत रेझिस्टर आणि डायोड टाकून व्होल्टेज खाली आणलेलं असतं. त्याला बॉसचाच आजचा रेग्युलेटेड 9 व्होल्टचा पीएसए (PSA) अडॅप्टर लावला की लाइट मंद होतो, आवाज मरतो, आणि लोकांना वाटतं पेडल गेलं. पेडलला काही झालेलं नसतं, त्याला 12 व्होल्ट द्या. पण हे फक्त एसीए लिहिलेल्यालाच, पीएसए लिहिलेल्याला 9 च.

लाइन सिक्सचा जुना डीएल4, डिजिटेकचा व्हॅमी 4, अशा पेडल्सना 9 व्होल्ट एसी लागतं. डीसी अडॅप्टरच्या बाजारात ते सहसा मिळत नाही, तेव्हा म्हापशात किंवा मडगावात एखाद्या चांगल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडून 230 ते 9 व्होल्ट, 2 अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर फ्यूज घालून बंद डब्यात करून घ्या, आणि डब्यावर एसी असं मोठं लिहा, कारण तो चुकून दुसऱ्या पेडलला लागला तर ते पेडल गेलंच.

जुन्या जर्मेनियम फझपैकी (जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाली, आवाज फाडणारी पेडल्स) बरीच पॉझिटिव्ह ग्राउंडची असतात, म्हणजे त्यांचा ग्राउंड प्लसला जोडलेला असतो. ती बाकीच्या पेडल्सबरोबर एकाच डेझी चेनवर (एका अडॅप्टरवरून अनेक पेडल्सना जाणाऱ्या वायरवर) जोडली की शॉर्ट होतं. त्यांना बॅटरी किंवा वेगळा आयसोलेटेड (बाकीच्यांशी न जोडलेला) आउटपुट. मला तर जुना फझ बॅटरीवरच आवडतो.

काही जुन्या पेडल्सना हेडफोनसारखा 3.5 एमएमचा जॅक असतो, तिथे लेबल नसेल तर अंदाजाने पिन तयार करू नका, टेक्निशियनकडून जॅक उघडून तपासून घ्या. तेव्हाच जॅक साफ करून घ्या, किनाऱ्याकडच्या खाऱ्या हवेत आतली पत्ती हिरवी पडते आणि अडॅप्टर बरोबर असूनही पेडल खरखरतं. पावसात गडगडायला लागलं की सगळे अडॅप्टर सॉकेटातून काढून ठेवा, नुसता स्विच बंद करून भागत नाही.