फेजर वापरताना या चुका टाळा

फेजर म्हणजे एसी व्होल्टेज किंवा करंटचा आकडा आणि कोन एकत्र सांगणारी संमिश्र संख्या. एसी सर्किटची उत्तरं तपासायला घेतली की तेच ते घोळ पुन्हा पुन्हा समोर येतात. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये संमिश्र संख्या वापरून एसी सर्किट सोडवण्याची रीत मांडली आणि डिफरन्शियल समीकरणांचं काम बेरीज-गुणाकारावर आलं. काम सोपं झालं, पण कोनाकडे दुर्लक्ष करायची मुभा कोणी दिलेली नाही.

नुसत्या आकड्यांची बेरीज. सिरीजमध्ये ३० ओहमचा रेझिस्टर आणि ४० ओहम रिॲक्टन्सची (एसीला कॉइलचा विरोध) कॉइल आहे. इम्पिडन्स, म्हणजे एसीला होणारा एकूण विरोध, ७० ओहम नव्हे, ५० ओहम, कोन ५३.१३ अंश. १०० व्होल्ट लावले की २ अँपिअर वाहतात. रेझिस्टरवर ६० आणि कॉइलवर ८० व्होल्ट दिसतात. लगेच कोणीतरी म्हणतं, मीटर बिघडलाय, बेरीज १४० येते. मीटर ठणठणीत असतो, त्या दोन व्होल्टेजच्या कोनांत ९० अंशांचा फरक असतो. व्होल्टेज किंवा करंटच्या आकड्याशेजारी कोन लिहिलेला नसेल तर मी ती ओळ पुढे वाचतच नाही.

टॅन इन्व्हर्सवर डोळे झाकून विश्वास. माझा सर्वांत जास्त वेळ याच चुकीने खाल्ला आहे. लॅबमध्ये एक मुलगा असंतुलित थ्री-फेज लोडचा न्यूट्रल करंट काढत होता. तिन्ही करंटची बेरीज आली −३ + जे४ (जे म्हणजे −१ चं वर्गमूळ). त्याने ४ भागिले −३ केलं, टॅन इन्व्हर्स दाबलं, उत्तर −५३.१३ अंश. ऑसिलोस्कोपवर मात्र करंट जवळपास १२७ अंश पुढे दिसत होता. फरक बरोबर १८० अंशांचा, म्हणून त्याने ठरवलं की करंट प्रोब उलटा लागलाय. प्रोबवरचा बाण न बघताच त्याने तो फिरवला आणि आकडा जुळला! पुढे तोच प्रोब फेजच्या तारेवर लावल्यावर साध्या रेझिस्टरची पॉवर ऋण येऊ लागली, म्हणजे रेझिस्टर सप्लायलाच वीज परत देतोय. मग वायरिंग उसकटून झालं, व्होल्टेजची टोकं बदलून झाली. दुपार तिथेच गेली.

मी त्याला एवढंच सांगितलं, −३ + जे४ चा बाण कागदावर काढ. डावीकडे ३, वर ४. बाण दुसऱ्या चरणात गेला, म्हणजे कोन ९० आणि १८० च्या मधला. टॅन इन्व्हर्स फक्त −९० ते ९० मधलंच उत्तर देतं. वजाचं चिन्ह वरच्या आकड्याचं की खालच्या, हे भागाकार झाल्यावर त्याला कळणार कसं? वास्तव भाग ऋण असेल तर १८० मिळवा. कॅल्क्युलेटरचं रेक्टँग्युलर-टू-पोलर बटण चरण सांभाळतं, ते खुशाल वापरा, पण आधी बाण काढा. दहा सेकंदांचं हे काम टाळायची घाई मला आजवर समजलेली नाही.

पॉवर काढताना कॉन्जुगेट (कोनाचं चिन्ह उलटवलेला फेजर) विसरणं. व्होल्टेज शून्य अंशावर धरलं असेल तर ही चूक लपून राहते: वॅट बरोबर येतात, फक्त रिॲक्टिव्ह पॉवरचं (लोड आणि सप्लायमध्ये नुसती ये-जा करणाऱ्या पॉवरचं) चिन्ह उलटतं आणि इंडक्टिव्ह लोड कपॅसिटिव्ह दिसतो. आता व्होल्टेज १०० व्होल्ट ३० अंशांवर आणि करंट ५ अँपिअर −१० अंशांवर घ्या. सरळ गुणाकार केला तर कोन २० अंश आणि पॉवर ४७० वॅट. करंटचा कॉन्जुगेट घेतला तर कोन ४० अंश आणि पॉवर ३८३ वॅट. वॅटमीटर ३८३ च दाखवेल. पॉवर ठरते ती दोघांच्या कोनांतल्या फरकावर. सरळ गुणाकारात कोनांची बेरीज होते. सूत्र पाठ करणाऱ्यांना मी मुद्दाम शून्य नसलेला कोन देतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे का ते बघा: टॅन इन्व्हर्स १ चं उत्तर ४५ यायला हवं, ०.७८५ आलं तर तो रेडियनवर आहे. १ भागिले जे म्हणजे −जे. साइन आणि कोसाइन एकाच गणितात मिसळू नका, साइन ९० अंश मागे असते. पीक मूल्यांचे फेजर घेतले तर पॉवर निम्मी करायची. आरएमएस (परिणामी मूल्यांचे) घेतले तर नाही. स्विच टाकल्याक्षणीचा करंट फेजरने काढू नका, ही रीत स्थिरावलेल्या अवस्थेची आहे.

आणि वेगळ्या फ्रिक्वेन्सीचे फेजर एकमेकांत मिळवू नका. ५० हर्ट्झला १० ओहम असलेली कॉइल १५० हर्ट्झला ३० ओहम होते, म्हणून प्रत्येक फ्रिक्वेन्सीचं सर्किट वेगळं सोडवायचं. एकीचा करंट ३ अँपिअर आरएमएस आणि दुसरीचा ४ आला तर एकूण ५ अँपिअर आरएमएस, मग दोघांचे कोन काहीही असोत.